पीए झाल्यावर लगेच एमपीएच करावं का?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातली. बीएस्सी फिजिशियन असिस्टंटची (पीए) तीन वर्षं झाली, चौथं इंटर्नशिपचं वर्ष मिरजेतल्या एका हॉस्पिटलात चालू आहे. सध्या मेडिसिनला आहे. सकाळी राऊंडच्या आधी सगळ्या फायली वाचून ठेवायच्या, रात्रीचे रिपोर्ट लावायचे, सर आले की प्रत्येक पेशंटचं थोडक्यात सांगायचं, नवीन आलेल्यांची हिस्टरी घ्यायची आणि संध्याकाळी डिस्चार्ज समऱ्या. काम मनापासून आवडतंय.

प्रश्न पुढचा आहे. घरी सगळे म्हणतात नुसत्या बीएस्सीवर थांबू नकोस. काकांच्या ओळखीच्या एका कन्सल्टन्सीवाल्यानं सांगितलं की पीएवर एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) केलं की अमेरिकेत थेट पीए म्हणून लागता येतं. नोंदणीचे 40 हजार महिनाअखेरपर्यंत भरा म्हणतोय. इकडे यंदा अवकाळीनं बागेत मणी तडकले, पप्पांनी सोसायटीचं कर्ज फिरवून घेतलंय. त्यामुळे दोन वर्षांची फी हा आमच्या घरात लहान विषय नाही.

पण एमपीएचचा विचार माझ्या डोक्यात निव्वळ परदेशासाठी आलेला नाही. मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात डेंग्यूचे तीन पेशंट आले, तिघांचे प्लेटलेट खाली. तिघांची हिस्टरी मीच घेतली. तिसऱ्याचा पत्ता लिहिताना हात थांबला. तिघं एकाच गावातल्या एकाच गल्लीतले होते. सरांना सांगितलं, ते म्हणाले सीझन आहे, चालायचंच. ते चुकीचं बोलले असं नाही, त्यांच्यासमोर तीस पेशंट होते. तिघंही बरे होऊन घरी गेले. मला मात्र चुटपुट लागून राहिली की त्या गल्लीचं पुढं काय झालं, आणि मी हे कुणाला सांगायला हवं होतं.

तर लगेच एमपीएचला जावं, की आधी नोकरी धरावी? आणि पीएला एमपीएचचा खरोखर उपयोग होतो का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

शीर_आणि_टाके

मी या पट्ट्यात हृदय शस्त्रक्रियेत 11 वर्षं पीए आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: आत्ता नको.

आपला पेशा भारतात 1992 साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, तो हृदय शस्त्रक्रियेच्या गरजेतून. बायपासला पायातली शीर काढायची, तिच्या फांद्या एकेक करून क्लिप करायच्या, शीर फुगवून कुठून गळते का बघायचं, हे काम आजही आमच्याच हातात असतं. मला शीर नीट काढता यायला दोन वर्षं लागली. पहिल्या सहा महिन्यांत सरांनी माझ्या हातातून कात्री काढून घेतल्याचे दिवसही आहेत. तेव्हाच मी अभ्यासाला निघून गेलो असतो तर हात कधीच तयार झाला नसता.

माझ्या बॅचच्या दोघांनी पास झाल्या झाल्या एमपीएच केलं. एक जण आता विम्याचे क्लेम तपासतो. दुसरी वर्षभर काम शोधून परत हॉस्पिटलात आली, आणि मधल्या गॅपमुळे तिला पुन्हा नवख्याच्या पगारावर लागावं लागलं. दोघंही माझ्यापेक्षा हुशार होते.

ते 40 हजार काही झालं तरी भरू नकोस.

कराडकर_परदेशी

अमेरिकेबद्दल मी सांगू शकतो, कारण तुझ्यासारखाच समज धरून मी इथे आलो होतो.

इथे पीए म्हणून काम करायला पीएएनसीई ही परीक्षा पास व्हावी लागते, आणि त्या परीक्षेला बसायला एआरसी-पीए या संस्थेनं मान्यता दिलेल्या कोर्समधूनच पास झालेलं असावं लागतं. भारतातली पीएची पदवी त्यात बसत नाही. वर एमपीएच जोडलं म्हणूनही बसत नाही, मग ते भारतातलं असो की इथलं. इथे पीए व्हायचं तर इथला कोर्स पहिल्यापासून करावा लागतो. तो मास्टर्सच्या पातळीचा, साधारण 27 महिन्यांचा. प्रवेशाला आधीची पदवी आणि विज्ञानाचे ठरावीक विषय झालेले लागतात आणि बहुतेक ठिकाणी पेशंटबरोबर काम केल्याचे तास मागतात. हे सगळं जमवून लोक येतात, नाही असं नाही. पण कन्सल्टन्सीवाला सांगतोय तो रस्ता हा नव्हे.

पीए आणि एमपीएच एकत्र करायचा जोडकोर्स इथे आहे, वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात किंवा कॅलिफोर्नियाच्या टूरो विद्यापीठात. साधारण तीन वर्षं. तिथल्या मुलांना याचा उपयोग होतो, कारण त्यांच्याकडे पीएचं लायसन्स असतं आणि त्या लायसन्सला इथे मोठा अर्थ आहे. डॉक्टरांबरोबर राहून ते तपासतात, निदान करतात, औषधं लिहितात. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी 1965 मध्ये पहिली तुकडी घेतली ती नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चार जणांची. तेव्हापासून साठ वर्षं हा पेशा इथे कायद्यानं बांधत आणलाय. त्या पायावर एमपीएच चढवणं वेगळं. आपल्याकडे 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या अनुसूचीत फिजिशियन असोसिएट हे नाव आलं, ही चांगली गोष्ट आहे, पण आपला पाया अजून भरला जातोय.

मी एमपीएच केलं, आता आकडेवारीचं काम करतो, बरं चाललंय. पण पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवून सहा वर्षं झाली. कराडला आईला बरं नव्हतं तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिच्या श्वासाचा आवाज ऐकत बसलो होतो. मला पेशंटजवळचंच काम करायचं होतं आणि माझा रस्ता चुकला, हे मला फार उशिरा कळलं.

जत_पीएचसी

तुझ्या डेंग्यूच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पूर्ण पोस्टमधलं तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मी जत तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर मेडिकल ऑफिसर आहे.

तुमच्या हॉस्पिटलातून संशयित रुग्णांची माहिती रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या पी फॉर्ममध्ये जायला हवी. आता ते ऑनलाइन भरतात. हे काम कुणाकडे आहे ते उद्या विचार. बऱ्याच ठिकाणी ते रेकॉर्ड विभागातल्या एका क्लार्कवर टाकलेलं असतं आणि त्याला गल्ली दिसत नाही, फक्त तालुका दिसतो. तू त्याला नीट पत्ता दिलास आणि जिल्हा सर्वेक्षण कक्षात एक फोन केलास, की निरोप त्या गावच्या आरोग्यसेवकापर्यंत पोचतो. मग आमची माणसं येऊन आजूबाजूची घरं बघतात. रांजण, बॅरल, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर. अळी सापडली तर भांडं रिकामं करायचं, रिकामं होणार नसेल तर ॲबेट हे अळ्या मारायचं औषध टाकायचं. एक आठवड्यानं निरोप आला तर तोवर डास उडून गेलेले असतात. म्हणून तुझ्या तिसऱ्या पेशंटच्या दिवशीचा फोन मोलाचा होता.

हे करायला एमपीएच लागत नाही. पुढच्या वेळी फोन कर.

कोयनाकाठ

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागेना, म्हणून आज सविस्तर लिहितेय. लांब होईल, पण वाच.

मी पाटण तालुक्यातली. पीए झाले 2011 ला. त्यानंतर सहा वर्षं कार्डिओलॉजीत काढली आणि मग, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एमपीएचला गेले. आता सातारा जिल्ह्यातच ब्लड प्रेशर आणि शुगरच्या रुग्णांच्या पाठपुराव्याचं काम करते. म्हणजे तू विचारतेस ते दोन्ही मी केलंय, आणि दोन्हींमध्ये मोडलेले दिवसही बघितलेत.

हॉस्पिटलात असताना माझं अक्षर चांगलं म्हणून केसपेपर माझ्याकडे असायचे. हार्ट फेल्युअरचा, पॅरालिसिसचा, किडनी गेलेला पेशंट आला की मी विचारायचे, बीपीची गोळी चालू होती का? उत्तर ठरलेलं. ‘होती, पर बंद केली.’ मग मी हिस्टरीत एक शब्द लिहायचे: नॉन-कम्प्लायंट, म्हणजे सांगितलेली औषधं न घेणारा. सहा वर्षांत तो शब्द मी किती वेळा लिहिला असेल, मोजदाद नाही. कुणी चूक म्हणाल्याचं आठवत नाही, वैद्यकात सगळेच तो लिहितात.

2016 च्या पावसाळ्यात डोंगरातल्या एका वाडीवरच्या आजी आल्या. साठीच्या आसपास, धाप लागलेली, पाय सुजून चकाकत होते. त्यांनी कमरेची चंची सोडली. सुपारी, चुन्याची डबी आणि एक गोळ्यांची स्ट्रिप. कात्रीनं कापलेली स्ट्रिप, चारच गोळ्यांची, आणि कापताना औषधाचं नाव होतं तो भाग पलीकडच्या तुकड्यावर राहिलेला. मी उजेडाला धरून बघितली. चांदीच्या कागदावर एक्सपायरीतले शेवटचे दोन आकडे तेवढे होते. त्या चारपैकी दोन गोळ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, ‘लई डोकं दुखलं तर’ म्हणून. मी नेहमीसारखाच तो शब्द लिहिला. पण त्या दिवशी खोलीवर गेल्यावर एका वहीत त्यांच्या गावाचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, गोळी का थांबली?

तिथून वही सुरू झाली. रोज येणाऱ्यांना हा एकच प्रश्न जास्तीचा विचारायचा. गोळी का थांबली. बरं वाटायला लागलं म्हणून. संपली म्हणून. ‘कायम घ्यायची असती हे कुणी सांगितलंच न्हाई’ म्हणून. सुनेच्या बाळंतपणात राहून गेलं म्हणून. आणि पुन्हा पुन्हा एक उत्तर यायचं ते मला कळायचं नाही: ‘दहाच दिवसाच्या देत्यात.’

एमपीएचला गेल्यावर प्रबंधासाठी मी हाच विषय घेतला आणि त्या आजींच्याच भागात गेले. घरोघर जाऊन तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी मोजायचं. पाच मिनिटं शांत बसवून, दंडाच्या मापाचा कफ, म्हणजे हवा भरायचा पट्टा, लावून, दोनदा. चढण चढून आलेल्या माणसाचं लगेच मोजलं तर जास्त येतं, आणि जाड दंडाला लहान कफ लावला तरी जास्त येतं. हॉस्पिटलात गडबडीत मी स्वतः हे कितीदा केलं होतं! तिथं दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हॉस्पिटलात मला जे दिसत होतं तो फक्त अंश होता. छेद मी कधी बघितलाच नव्हता. शाळेत अपूर्णांक शिकतो ना, वरचा आकडा आणि खालचा आकडा, तोच. बीपी बिघडून दवाखान्यात पोचलेले वरचे. खाली पूर्ण गाव, आणि त्यातल्या बीपी असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण असे की आपल्याला बीपी आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता.

आणि दहा दिवसांचं कोडंही तिथेच सुटलं. उच्च रक्तदाबाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे घेतले होते. त्याचं सूत्र साधं आहे: औषधांची ठरलेली पायरी, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, आणि एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या. मी गेले त्या ठिकाणी साठा कमी आला की दहाच दिवसांच्या देत होते. देणाऱ्या ताईंचा हेतू वाईट नव्हता, सगळ्यांना थोडं थोडं मिळावं अशी त्यांची धडपड होती. पण तू हिशेब कर. दहा दिवसांची गोळी म्हणजे वर्षाला 36 खेपा. एकेक खेप म्हणजे खाली उतरून एसटी धरायची, अर्धा दिवस रांग, परतीची गाडी दुपारी, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. वर्षाला 36 मजुऱ्या, त्याही दुखत-खुपत नसलेल्या आजारासाठी. तीस दिवसांची दिली की खेपा 12 वर येतात.

त्या आजी तोवर गेल्या होत्या. त्यांच्या सुनेनं मला चहा दिला, मी कोण हे तिला माहीत नव्हतं. मी सहा वर्षं ज्यांना नॉन-कम्प्लायंट लिहीत होते त्यांच्या घराच्या ओट्यावर बसून मी तो कप धरला होता आणि मला चहा गिळेना.

म्हणून मला एमपीएचनं काय दिलं असं कुणी विचारलं तर मी सांगते, खालचा आकडा दिला. साथरोगशास्त्र, सांख्यिकी, आरोग्य धोरण, सगळे पेपर होते, सांख्यिकीनं पहिल्या सेमिस्टरला रडवलं. पण माझ्या हातात आधीपासून वही होती, म्हणून मला ते पेपर लागू पडले. आमच्या वर्गात थेट पदवीवरून आलेली मुलं होती, अभ्यासात माझ्या पुढे. प्रबंधाला विषय कुठला घ्यायचा म्हणून ती गाईडच्या दारात उभी असायची. मला विषय निवडावा लागलाच नाही.

आरोळे दांपत्य आणि बंग दांपत्य यांचं उदाहरण मी मुलांना नेहमी देते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात राबले, तेच तेच आजार परत येताना बघितले, मग जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला काम उभं केलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही आधी वर्ध्याकडच्या खेड्यांत काम केलं, मग हॉपकिन्सला जाऊन एमपीएच केलं आणि 1986 मध्ये गडचिरोली गाठली. ती मोठी माणसं, डॉक्टर झालेली, आपली त्यांच्याशी बरोबरी नाही. पण क्रम बघ. आधी काम, मग प्रश्न, मग पदवी.

आता नोकरीचं खरं खरं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या साथरोगतज्ज्ञ, पब्लिक हेल्थ मॅनेजर अशा जागांच्या जाहिराती काढून वाच. पात्रतेत बहुतेक वेळा ‘वैद्यकीय पदवीधर, आणि एमपीएच किंवा एमएचए किंवा आरोग्यातलं एमबीए’ असं असतं. त्यातला पहिला शब्द आपल्याला बाहेर ठेवतो. उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या जागा बीएएमएस, बीयूएमएस आणि बीएस्सी नर्सिंगवाल्यांसाठी. पीए त्यात कुठेच नाही. माझ्या मनाला हे फार लागतं, कारण हिस्टरी घ्यायला आपण कुणापेक्षा कमी शिकलेलो नसतो. आपल्याला वाट उरते ती संस्थांची, संशोधन प्रकल्पांची, मोठ्या हॉस्पिटलांच्या गुणवत्ता आणि संसर्ग नियंत्रण विभागांची. प्रकल्पाची नेमणूक अकरा महिन्यांची असते. माझा पहिला प्रकल्प सातव्या महिन्यात पैसे थांबल्यामुळे बंद झाला. ज्यांना आम्ही दर महिन्याला भेटायचा शब्द दिला होता त्यांना नुसतं ‘आता येणार नाही’ सांगायला मी स्वखर्चानं फिरले. पहिली दोन वर्षं पगारही कार्डिओलॉजीपेक्षा कमी होता. कर्ज काढून जाणाऱ्या मुलीनं हे आधी पचवून मग जावं.

एक प्रसंग सांगते. ऑगस्ट 2019 चा महापूर तुला आठवत असेलच, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. मी तेव्हा नुकतीच पास झाले होते, वाळवा-पलूसकडच्या छावण्यांत स्वयंसेवक म्हणून गेले. पहिल्या सकाळी एक आशाताई ओरडली, ‘ओटी कुणी केली का आज?’ माझ्या डोक्यात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. तिनं छोटी बाटली काढली, काचेच्या नळीत टँकरचं पाणी घेतलं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले आणि नळी पांढऱ्या भिंतीसमोर धरली. पाणी पिवळं झालं नाही. म्हणजे क्लोरीन नाही. तिनं टँकर तिथेच अडवला, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कालवून घातली, अर्धा तास कुणाला हंडा लावू दिला नाही. बायका चिडल्या होत्या, पोरं रडत होती, ती हलली नाही. नळी पिवळी झाल्यावर मगच तोटी सोडली. दहावी शिकलेली बाई. मी दोन वर्षांचं एमपीएच करून आले होते आणि तिच्या शेजारी उभी राहून शिकत होते. चिखलातून, गुराढोरांच्या मुतातून चालणाऱ्यांना लेप्टोच्या, म्हणजे जनावरांच्या मुतातून होणाऱ्या तापाच्या, भीतीनं डॉक्सिसायक्लिन दिलं जात होतं, त्या वाटपाच्या याद्या मी केल्या. पीए म्हणून कुणाला ताप, कुणाचे डोळे पिवळे हे मला चटकन ओळखता यायचं, आणि एमपीएच म्हणून कुठल्या खोलीतून किती तापाचे निघाले हे मांडता यायचं. दोन्ही शिक्षणं एकत्र उपयोगी पडताना मी तिथे पहिल्यांदा बघितली.

तर तुला माझं सांगणं. शीर-टाके दादांचं बरोबर आहे, आत्ता नको. पण त्यांचं अर्धंच बरोबर आहे. तुझा हात पत्त्यावर थांबला. बऱ्याच चांगल्या पीएंचा हात तिथे थांबत नाही, आणि थांबावा असंही नाही, त्यांचं काम टेबलावर आहे. तुझा थांबला, म्हणजे तू कधीतरी या वाटेला येणार. दोन-तीन वर्षं मेडिसिनला नीट काम कर. तोवर आयसीएमआरच्या चेन्नईच्या साथरोग संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या प्राथमिक तत्त्वांचा ऑनलाइन कोर्स असतो, तो करून बघ. त्यात मन रमलं तर पुढे जा, कंटाळा आला तर तुझे दोन वर्षांचे पैसे वाचले. आणि प्रवेश घेशील तेव्हा त्या संस्थेकडून लेखी विचारून घे की पीएची पदवी पात्रतेत धरतात का. काही ठिकाणी कुठलाही पदवीधर चालतो, काही ठिकाणी नाही.

शीर_आणि_टाके

ताई, तुमचं वाचलं. ‘अर्धंच बरोबर’ मान्य. बायपासनंतर दोन वर्षांनी परत शीर बंद होऊन आलेले पेशंट मीही बघतो आणि गोळ्या का सोडल्या हे विचारत नाही. उद्यापासून विचारेन.

द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. कन्सल्टन्सीला काल पप्पांनी नाही म्हणून कळवलं. त्यानं काकांना फोन करून मुलीचं नुकसान करताय वगैरे ऐकवलं, पण परदेशी दादांची पोस्ट मी काकांना वाचून दाखवली होती, ते ठाम राहिले.

जतच्या सरांनी सांगितलं तसं रेकॉर्डला गेले. पी फॉर्म भरणारे मामा आहेत, त्यांच्याकडे खरंच फक्त तालुका येत होता. ते म्हणाले, तू गल्ली-वॉर्ड लिहून दिलंस तर मी घालतो. परवा त्या गल्लीचा चौथा पेशंट आला होता, तेव्हा मामांच्या समोरूनच जिल्ह्याला फोन केला. काल आरोग्यसेवक जाऊन आले म्हणे.

ताई, एक विचारायचं राहिलं. वही कशी ठेवायची? पेशंटचं नाव लिहून चालेल का?

कोयनाकाठ

चौथ्याचा फोन केलास, फार बरं वाटलं वाचून.

नाव लिहू नकोस, केसपेपर नंबरही नको. वही हरवली तर कुणाचा आजार गावभर होता कामा नये. तुमच्या सरांना आधी सांग की मी अशी वही ठेवतेय, लपवून करू नकोस. आणि त्यातलं काही पुढे छापायचं झालं तर हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी लागते, नंतर घेऊन चालत नाही, त्यात माझे चार महिने गेले होते.

दोनशे पानी, आडव्या रेघांची घे. डाव्या पानावर तारीख, वय, बाई की पुरुष, गाव, वाडी, किती वाजता घरून निघाले आणि किती वाजता तुमच्याकडे पोचले. उजवं पान त्यांनी बोललेल्या शब्दांसाठी मोकळं ठेव, आणि ते त्यांच्याच बोलीत लिही. ‘गोळी संपली’ आणि ‘गोळी सरली, मग म्हटलं आता कशाला’ यात फरक आहे, आणि तो तुला तीन वर्षांनी वही उघडल्यावर लागेल. माझ्या वहीची पहिली चाळीस पानं मी शुद्ध भाषेत लिहिली, ती आता माझ्या काहीच कामाची नाहीत.